शून्य नंबरची डिस्क

चेरुतुरुत, कुट्टनाड
शनिवार, कंजी पिऊन झाल्यावर

तीर्थस्वरूप कुंजुण्णि अम्मावन यांच्या चरणी तुमच्या भाचीचा, वसुमतीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं सध्या टेकतात. उरलेली दोन मनानं टेकवली आहेत, ती धरून नमस्कार पुरा मानावा.)

तुमची प्रकृती कशी आहे? गार पाण्याच्या अंघोळीनं खोकला वाढतो असं डॉक्टरनं बजावूनही तुम्ही गुरुवायूरच्या देवळातल्या तळ्यावर जाणं सोडलेलं नाही, असं शेजारची रत्नम्मा चेची सांगत होती. (तिची जाऊ तुमच्याच गल्लीत राहते, म्हणजे बातमी पक्की.) विषूच्या सणाला तुमचं कार्ड मिळालं. आत नेहमीसारखी फक्त सही, आणि वर नेहमीसारखा पत्ता, घराच्या जुन्या नावानं, 'पुळिमूट्टिल'. माझ्या धाकट्या भावानं, शशीनं, गल्फहून आल्यावर घराला गुलाबी रंग काढला आणि दारावर 'शांतिनिवास' अशी चकचकीत पाटी ठोकली, तेव्हा तुम्ही म्हणालात, ज्या घराचं नाव पुसलं त्याचा उंबरा मी चढणार नाही. आख्खं आयुष्य पोस्टात काढलेला माणूस तुम्ही, बोललात ते पाळलंत. अम्मा गेली तेव्हासुद्धा, सख्खी थोरली बहीण तुमची, तुम्ही अंगणातल्या चिंचेखाली उभे राहिलात आणि तिथूनच माघारी फिरलात. त्यावर मला काही बोलायचं नाही. (बोलायचं आहे, पण या पत्रात नाही.) एवढं मात्र कळवते, की पंचायतीनं वॉर्ड पुन्हा नव्यानं पाडले, घरांचे नंबर पुन्हा बदलले, आणि आमच्या वॉर्डात आता तीन शांतिनिवास झाले आहेत. शशीची पत्रं दोन घरांत चहा पिऊन मग आमच्याकडे येतात. तुमचं कार्ड सरळ येतं.

सोबत नेहमीप्रमाणे चक्का वरट्टी पाठवते आहे, अम्माच्याच स्टीलच्या डब्यातून. फणस आपल्याच झाडाचा, गूळ काळा, आणि ढवळून ढवळून माझा उजवा खांदा गेला. अम्मा हा डबा पाठवायची आणि तुम्ही तो कदळी केळ्यांनी भरून परत करायचात, एका शब्दाची चिठ्ठी न घालता. दोघा भावंडांनी बरीच वर्षं नुसत्या डब्यातून बोलणं चालवलं, ते मी पाहिलं आहे.

आता मुख्य गोष्ट. रत्नम्मा चेचीच्या जावेकडून तुमच्या कानावर आलंच असेल, की वसुमतीनं वाचनालयाच्या कॉम्प्युटरमधले सगळे आवाज पुसून टाकले. तर माझ्या अक्षरात वाचा : मी काहीही पुसलेलं नाही. मी माफी मागणार नाही. कमिटीनं ठराव केला तरी नाही, वाचनालयाच्या दारात उपोषणाला बसवलं तरी नाही. (बसवणार नाहीत. बसले तर उठवायला चार माणसं लागतील, आणि कमिटीत कोरमला तीनच येतात.)

हे आवाज म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसणार. निवृत्त झाल्यावर मला घरात बसवेना, म्हणून मी एक रेकॉर्डर घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांच्या ओसऱ्यांवर हिंडू लागले. लावणीची गाणी, होडीची गाणी, पाळण्याची गाणी. काळीपेण्णनं तर कावळ्यांना हाकलायच्या शिव्या चालीवर म्हणून दाखवल्या, त्याही जपून ठेवल्या. आणि अम्मा. ती जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका सकाळी चिंचेखाली बसून तिनं ते होडीचं गाणं म्हटलं, तुम्ही दोघं शाळेला वल्हवत जाताना म्हणायचात ते. त्यात तुमच्याविषयी एक गोष्ट आहे, ती मी लिहिणार नाही, कानानं ऐकायची आहे. हे सगळं वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर, एका डिस्कमध्ये. त्या बायांपैकी निम्म्या आता नाहीत. दुसरी प्रतही नाही. का नाही, असा शहाणा प्रश्न पणिक्कर सार यांनी भर सभेत विचारला. (वाचनालयाचे अध्यक्ष. पूर्वी माझे हेडमास्तर. तेव्हाही प्रश्न घंटा झाल्यावरच विचारायचे.) दुसरी प्रत करण्यासाठीच तर ही नवी डिस्क आणली होती, आणि ती आणली म्हणूनच हा सगळा घोळ झाला!

झालं असं. नवी डिस्क बसवायला पुष्पांगदन आला. वाचनालयाचे पंखे, दिवे, माईक, उत्सवातली रोषणाई, सगळं त्याच्याच हातचं. त्यानं पेटी उघडली, दोन्ही डिस्का शेजारी शेजारी बसवल्या, वायरी जोडल्या आणि 'टीचर, झालं' म्हणून चहा प्यायला निघून गेला. मी बटण दाबलं. पडदा उजळला, चार ओळी सरकल्या, आणि यंत्रानं स्वतःच कबुली दिली, की मी घाबरलोय, माझं घर सापडत नाही. (अगदी याच अर्थाचं इंग्रजी, मोठ्या अक्षरांत.) पणिक्कर सार तेव्हा नेमके पेपर वाचत मागेच बसलेले. पेपर खाली ठेवून म्हणाले, "वसुमती टीचर, तुमच्या हाताखाली मुलं घाबरायची, आता यंत्रंही घाबरायला लागली?"

अम्मावा, पुढचं नीट वाचा, कारण या गावात हे समजणारा एकच माणूस होता आणि तो पाटीवर रुसून गुरुवायूरला बसला आहे. कॉम्प्युटर सुरू केला की आधी एक छोटासा द्वारपाल जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचं काम एवढंच, की खरा कारभारी कुठं झोपलाय ते शोधायचं, त्याला हलवून उठवायचं, 'तुझं सामान अमक्या डिस्कवर आहे' असं कानात सांगायचं आणि आपण पडद्याआड जायचं. आमचा कारभारी म्हणजे लिनक्स. सरकारी शाळेतले आम्ही सगळे त्याच्याच हाताखाली तयार झालो. आता गंमत अशी, की द्वारपाल आणि कारभारी एकाच डिस्कला एका नावानं हाक मारत नाहीत. द्वारपाल आकड्यांनी मोजतो, आणि तेही शून्यापासून. पहिली डिस्क म्हणजे त्याच्या भाषेत शून्य नंबर. बरं, शून्यापासून तर शून्यापासून, मी गणिताची बाई, मला शून्याचं वावडं नाही. पण त्याच डिस्कमधल्या खोल्या तो एकापासून मोजतो! घर शून्य, खोली एक! माझ्या वर्गात एखाद्यानं असं मोजलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता. कोणत्या बाकावर, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं. आणि कारभारी? तो अक्षरांनी हाक मारतो. जी डिस्क त्याला आधी भेटेल ती ए, दुसरी बी. आधी कोण भेटेल, हे तो ज्या बाजूनं येईल त्यावर. आपल्याकडे लग्नाच्या पंक्तीत सांबारवाला स्वयंपाकघराकडून येतो आणि पापडवाला मांडवाच्या दाराकडून. दोघांना 'पहिल्या पानावर वाढ' म्हटलं तर एकाच माणसाच्या पानात सांबार आणि पापड कधी पडायचे नाहीत. बसणाऱ्यांचा काय दोष त्यात?

आमच्याकडे हेच झालं. जोवर डिस्क एकच होती तोवर द्वारपालाचा शून्य नंबर आणि कारभाऱ्याची ए या दोघी एकच. कोणाचं काही अडलं नाही. दुसरी आली आणि 'सामान ए वर आहे' हा जुना निरोप घेऊन कारभारी भलत्याच घरात शिरला. आत पाहतो तर भिंती कोऱ्या. चूल नाही, भांडं नाही, माणूस नाही. तो घाबरला. कोणीही घाबरेल! पंचायतीनं नंबर बदलल्यावर पुळिमूट्टिलची मनीऑर्डर कळ्ळुच्या, म्हणजे ताडीच्या दुकानात पोचली होती, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात आठवतं? 'नंबर पंचायतीचा, नाव घराचं.' हेच मी सभेत म्हणाले. तुमचं नाव घेऊन म्हणाले. त्यावर खजिनदार म्हणाला, 'टीचर, विषयावर या.'

त्यांचा विषय म्हणजे जिजो. तालुक्याच्या गावी त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, केसांना जेल लावतो आणि प्रत्येक वाक्य 'सिंपल आहे' यानं सुरू करतो. पणिक्कर सारांनी मला न विचारता त्याला बोलावलं. त्यानं आपली सीडी घातली. त्या सीडीतला कारभारी निराळ्या जातीचा. त्याला लिनक्सची लिपीच वाचता येत नाही. त्यानं एक डिस्क पाहिली : रिकामी. (रिकामीच ती, नवी होती!) दुसरी पाहिली आणि म्हणाला, ही बिघडलेली दिसते, साफ करू का? मल्याळम न येणाऱ्यानं आपलं पुस्तक उघडावं आणि यात नुसत्या जिलब्या काढल्यात म्हणून सांगावं, त्यातली गत. जिजोनं खुर्ची फिरवली आणि जाहीर केलं, "सिंपल आहे. एक डिस्क टीचरनी पुसली, दुसरी खराब झाली. दोन्ही धुऊन नवं बसवून देतो. रविवारी."

मी म्हटलं, "मोने, पोरा, ती बिघडलेली नाही, तुला वाचता येत नाही."

तो म्हणाला, "टीचर, मी याचंच खातो."

"तरी वाचता येत नाही."

इथं पणिक्कर सारांनी टेबलावर पेन आपटलं आणि नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण माझ्यावर फेकली. मग ठराव झाला. रविवारी दोन्ही डिस्का धुणार, जिजोचा कारभारी बसवणार, आणि तोवर वसुमती टीचरनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. विरोधात एक मत. ते कोणाचं हे तुम्हाला सांगायला नको. पुष्पांगदननं हात वर करावा की नाही याचा विचार करता करता कान खाजवला, आणि ते मत त्यांच्या बाजूनं धरलं.

मी घरी आले. शशी म्हणाला, 'चेची, जाऊ दे ना, चार जुनी गाणी.' चार जुनी गाणी! अम्माचा आवाज जगात आता फक्त तिथं आहे, आणि ज्याला तो वाचता येत नाही तो पोरगा रविवारी त्यावर पाणी ओतणार. मी त्या रात्री जेवले नाही. रडलेसुद्धा. रडून झाल्यावर मला राग आला, आणि राग आला की मला गणित चांगलं सुचतं, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय.

काल दुपारी वाचनालय जेवणाला बंद असताना मी गेले. (किल्ली माझ्याकडेच. ठरावात किल्लीचं लिहायला विसरले. ठराव लिहिणं हेही शिकावं लागतं.) कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून मी आधी हातरुमाल गुंडाळला. द्वारपालाला दारातच अडवून दोन प्रश्न विचारता येतात, हे जिजोला ठाऊक नाही, मला आहे. मी त्याला विचारलं, बाबा रे, तुझ्याकडे काय काय आहे? तो म्हणाला, शून्य नंबर आणि एक नंबर. एक नंबरमध्ये काय? काही नाही. शून्य नंबरमध्ये? आणि त्यानं सगळी यादी काढून दाखवली, लावणी, होडी, पाळणा, काळीपेण्णचे कावळे, आणि अम्मा. सगळं जागेवर. पुसलेलं एक अक्षर नाही. मी त्या रिकाम्या वाचनालयात मोठ्यानं म्हणाले, 'आता बोला!' बोलायला भिंतीवरच्या फोटोंशिवाय कोणी नव्हतं.

मग मी विचार केला, हे आता कोणाला दाखवून उपयोग नाही. दाखवलं तर जिजो म्हणेल सिंपल आहे. रविवारी धुवायला डिस्कच नसली तर धुणार काय? शिवणाच्या मशीनचा स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये होताच. यंत्र बंद केलं, वायर उपसली, पेटी उघडली. आत दोन डिस्का, दोन्ही काळ्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, जुळ्या बहिणींसारख्या. दुसरं कोणी असतं तर गोंधळलं असतं. पण आयुष्यभर मी फळ्यावर संख्यारेषा काढत आले. पेटीतल्या जागांवर नंबर छापलेले असतात, पहिली, दुसरी. द्वारपालाचा शून्य नंबर म्हणजे आपला पहिला. जिथून मोजायला सुरुवात ती जागा. यात चुकायला आहेच काय? पहिल्या जागेवरची वायर काढली, स्क्रू काढले, डिस्क उचलली, पदराखाली घेतली आणि शांतपणे घाटावर येऊन होडीत बसले. होडीवाल्यानं विचारलं, 'टीचर, मासे का?' मी म्हटलं, 'हो, करिमीन.'

तर अम्मावा, डिस्क आता सुरक्षित ठिकाणी आहे. कुठं, हे मी कोणालाही सांगणार नाही. पणिक्कर सारांना नाही, शशीला नाही, तुम्हालाही नाही. उद्या रविवारी मी सभेला जाणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि जिजोनं पेटी उघडली की फक्त हसणार. यंत्रात कोण पहिलं आणि कोण दुसरं याचा निकाल लावायला अक्कल लागते, ती जेलनं येत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगणार आहे. तुमचं पथ्य सांभाळा. वरट्टी एकदम खाऊ नका, साखर वाढेल. इकडे सगळे ठीक आहेत. अंगणातली चिंच यंदा भरपूर लागली.

तुमची आज्ञाधारक (तुमची, कमिटीची नव्हे)
वसुमती

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला नीट जमत नाही, म्हणून सांगून टाकते. डिस्क वरट्टीच्या डब्यात आहे. तळाशी, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, वर केळीचं सुकं पान, त्यावर वरट्टी निराळ्या पिशवीत. रत्नम्मा चेची नातवाच्या उष्टावणाला गुरुवायूरला निघाली आहे, तिच्याबरोबर डबा आणि हे पत्र येईल. तिला यातलं काही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तुम्हाला पत्राच्या आधी कळलं असतं. डिस्क देवघरात ठेवा, कपाटात ठेवा, कुठंही ठेवा, पण तुमची बहीण आत आहे हे ध्यानात ठेवा. पणिक्कर सारांचा जावई तिकडे असतो. तो चौकशीला आलाच तर त्याला वरट्टी खायला घाला. तोंड चिकटेल.

ता. क. (दुसरा, शनिवार संध्याकाळ) होडी आज वेळेआधी आली. (कधी येत नाही, आजच आली.) रत्नम्मा चेची डबा घेऊन गेली आणि पत्र माझ्या हातात राहिलं. म्हणजे उद्या तुम्ही कसलीही सूचना नसताना चमचा खोल घालाल आणि तो लोखंडाला लागेल. कृपा करून फेकू नका. तो पंख्याचा भाग नाही. हे तुम्हाला वेळेवर कळवायला फोन केला असता, पण अम्मा गेल्यापासून तुम्ही इथला नंबर दिसला की उचलत नाही, आणि तुमच्या शेजाऱ्यांना 'डब्यात बहीण आहे' हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

ता. क. (तिसरा, रविवार रात्र) हा शेवटचा, आणि यातच पत्र आहे असं समजा.

सभा झाली. डिस्का धुण्याचंसुद्धा उद्घाटन करायचं असं पणिक्कर सारांनी ठरवलं होतं. पितळी दिवा आणला, पाच वाती लावल्या, 'वाचनालयाच्या नव्या युगाची सुरुवात' असं काही तरी बोलले, बराच वेळ बोलले, आणि जिजोनं सीडी बाहेर काढायच्या आत स्वतःच्या हातानं समारंभपूर्वक बटण दाबलं. मी पहिल्या रांगेत हसायच्या तयारीत. पडदा उजळला. चार ओळी सरकल्या. पाचवी सरकली. आणि अम्मावा, कारभारी उठला! न घाबरता, न अडखळता. वाचनालयाचं चित्र पडद्यावर आलं, जसं रोज यायचं. माझं हसू जागच्या जागी गोठलं. मी उठून गेले, कोणाला न विचारता माउस धरला आणि उघडून पाहिलं. लावणी, होडी, पाळणा, कावळे, अम्मा. सगळं तिथंच. मग गुरुवायूरला काय गेलं?

पुष्पांगदननं पेटी उघडली आणि ओरडला, "टीचर, नवी डिस्क गेली!" मी त्याला बाजूला घेतलं. विचारलं, नवी तू कोणत्या जागेवर बसवली होतीस? तो म्हणाला, "पहिल्या. नवा पाहुणा ना, टीचर? घरात पाहुणा आला की पहिली खुर्ची त्याला. जुनीला म्हटलं, बाई तू घरचीच, सरक तिकडे." म्हणजे द्वारपालाचा शून्य नंबर हा जागेवरून नव्हताच. यंत्र ज्या डिस्कवरून जागं होतं ती त्याला शून्य, मग ती दुसऱ्या खुर्चीवर का बसलेली असेना. खुर्च्यांवरून मोजणारा कारभारी होता. मी हाक एकाची ऐकली आणि खुर्ची दुसऱ्याच्या हिशेबानं मोजली, पाहुणी उचलून नेली, आणि पाहुणी जाताच घरची पुन्हा पहिल्या नंबरला आली, कारभाऱ्याचा जुना निरोप खरा ठरला आणि यंत्र दुरुस्त झालं. काखेत कळसा तो काखेतच होता, वळसा मात्र गुरुवायूरपर्यंत गेला. यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्यानं आवाज पुसले असं म्हणाले त्याच माणसानं ते वाचवले, हे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, असं मी सभेत सांगितलं. पणिक्कर सार म्हणाले, हा दिव्याचा प्रताप. जिजो म्हणाला, सिंपल आहे, कधी कधी आपोआप होतं. दोघांनाही मी वाद घालण्याच्या लायकीचे समजत नाही.

मग नवी डिस्क कुठं, हा प्रश्न आला. मी म्हटलं, तपासायला पाठवली आहे, गुरुवायूरला, माझ्या अम्मावनांकडे, ते नाव-पत्त्यांचे जाणकार आहेत. (खोटं नाही यात एक अक्षर.) पुढच्या रविवारी ते स्वतः घेऊन येतील असंही तोंडातून निघून गेलं. ठराव झाला आहे. या वेळी विरोधात मत नव्हतं. तेव्हा अम्मावा, यावं लागेल. शशीच्या उंबऱ्यापाशी तुमचं काही काम नाही. घाटावरून सरळ वाचनालयात या, तिथं पाटी तीच आहे. आणि जुनी डिस्क मी आता नंबरानं ठेवलेली नाही. तिला नाव दिलं, आणि द्वारपालाला आणि कारभाऱ्याला दोघांनाही लिहून दिलं, की कोण कुठल्या खुर्चीवर बसलंय ते पाहू नका, या नावानं शोधा. नाव 'पुळिमूट्टिल'. आता किती पाहुणे आले तरी ती सापडेल.

सभा उठताना मी अम्माचं गाणं लावलं. ती होडीची एक ओळ म्हणते आणि थांबते. मग म्हणते, 'इथं कुंजुण्णि म्हणायचा. येईल तेव्हा म्हणेल.' आणि पुढची ओळ घेते. पुन्हा थांबते. सगळं गाणं तसंच आहे, एक तिची ओळ, एक तुमची रिकामी जागा. त्या ओळी गावात दुसऱ्या कोणाला येत नाहीत, मला येत नाहीत, शशीला तर चालही ठाऊक नाही.

तुमच्याकडे आलेली डिस्क रिकामी आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे अम्मानं तुम्हालाही शिकवलं असेल आणि मलाही. केळी नाही आणलीत तरी चालेल.